‘घरबसल्या लेझर’ घेताय? आधी खोक्यावरचा रंगाचा तक्ता बघा

बायकांचा विषय म्हणून पुढे सरकू नका, पोस्ट सगळ्यांसाठी आहे.

सेल लागला की मोबाईलवर तीच जाहिरात. ‘घरबसल्या लेझर! केस कायमचे गायब!’ आपल्या तालुक्याच्या गावातही ही मशीन हप्त्यावर येतायत. कुणी अंगावरचे केस काढावेत की ठेवावेत, हे सांगणारा मी कोण? माझं भांडण विकणाऱ्याशी आहे.

एक. घरगुती मशीनपैकी बरीचशी लेझर नसतातच. ती असतात आयपीएल, म्हणजे अनेक तरंगलांबींच्या प्रकाशाचा जोरदार झोत. नाव मात्र लेझरचं, कारण ते खपतं.

दोन, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. हा प्रकाश केसातल्या काळ्या रंगद्रव्याला, मेलॅनिनला पकडतो आणि मूळ तापवतो. तेच मेलॅनिन आपल्या सावळ्या कातडीतही आहे. मग चटका केसाला बसतो तसा कातडीलाही. फोड येतात, काळे-पांढरे डाग पडतात. फिट्झपॅट्रिक या अमेरिकन डॉक्टरने १९७५ मध्ये मांडायला सुरुवात केलेल्या मोजपट्टीत आज त्वचेचे सहा प्रकार धरतात. आपल्यातले बहुतेक चौथ्या-पाचव्यात येतात. काही मशीन चौथ्यावरच थांबतात, सहाव्याला तर बहुतेक कंपन्या स्वतःच नको म्हणतात. पण हे कुठे लिहिलेलं असतं? आतल्या इंग्रजी पुस्तिकेत, बारीक अक्षरात. आणि जाहिरातीतली मुलगी? दुधासारखी गोरी. याला मी फसवणूक म्हणतो.

तीन. ‘कायमचे’. अमेरिकेचं एफडीए दवाखान्यातल्या लेझरलाही ‘केस कायमचे कमी होतात’ एवढंच म्हणू देतं, ‘गायब’ नाही. घरचं मशीन त्याहून कमी ताकदीचं. महिनोन्महिने वापरा, थांबलात की केस हळूहळू परत. पांढऱ्या केसांवर तर उपयोगच नाही.

चार. हनुवटीवर दाट केस आणि पाळी अनियमित असेल तर आधी डॉक्टर, मग मशीन. पीसीओएस असेल तर मूळ हार्मोन्समध्ये आहे. काहींना चेहऱ्यावर असा प्रकाश मारल्यावर केस उलट वाढतात, हेही नोंदलं गेलंय.

तरी घ्यायचंच असेल तर तक्त्याशी हात लावून रंग जुळवा. आधी छोट्या जागेवर मारून एक दिवस थांबा. तीळ, गोंदण आणि डोळ्यांजवळची जागा सोडा.

आणि कंपन्यांनो, आमच्या खिशातले पैसे चालतात, तर आमच्या कातडीचा रंग जाहिरातीत का चालत नाही? इशारा मराठीत छापा, तोही खोक्याच्या बाहेर. २०१९ च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्या सेलिब्रिटीलाही. तक्रारीचा नंबर १९१५.

शेवटचं आपल्याबद्दल. २०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डात दहावीला पहिल्या आलेल्या मुलीचे ९८.५ टक्के बाजूला ठेवून लोकांनी तिच्या ओठांवरचे केस मोजले. हे मशीन कंपनी विकते खरी, पण त्याचं गिऱ्हाईक आपण तयार करतो. मुलगी बघायला जाऊन घरी आल्यावर ‘जरा मिशी आहे हो’ म्हणणाऱ्यांनी आपलं तोंड आवरलं, तर निम्म्या पोरींना हा चटका घ्यायची गरजच पडणार नाही.

तुमच्याकडे असं मशीन असेल तर खोक्याचा फोटो इनबॉक्सला पाठवा. नाव गुप्त राहील.