छपरावरचं पाणी कुणाच्या मालकीचं?



पाटाचं पाणी पारनेर-पाथर्डीच्या कोरडवाहू रानापर्यंत कधी येईल ते येवो. पण आपल्या पत्र्यावर पडणारं पाणी मागायला कुठल्या कचेरीत अर्ज करावा लागत नाही. त्याचा हिशोब आम्ही मांडतो.

एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २० बाय २५ फुटांचं छप्पर म्हणजे ४६ चौरस मीटर. पाऊस ४०० मिलिमीटर धरला, सांडलवंड वजा केली, तरी १५ हजार लिटर हाती येतं. पाच माणसांच्या पिण्या-रांधण्याला रोज ५० लिटर लागतं. म्हणजे ५ हजार लिटरची झाकलेली टाकी उन्हाळ्याचे तीन महिने काढते. बायाबापड्यांच्या डोक्यावरचा हंडा उतरतो.

पहिल्या पावसाचं पाणी पत्रा धुऊन जाऊ द्या. टाकी भरल्यावर उरेल ते शोषखड्ड्यात जिरवा. नाहीतर तेच पाणी गल्लीतून धावत सुटतं, बांध फोडतं आणि ज्वारी-कपाशीच्या रानातली माती ओढ्याला नेतं.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने नव्वदच्या दशकात डोंगरावर चर खोदून पाणी अडवलं, उसाला आवर घातला. डोंगरावर जमलं ते छपरावर का जमू नये?

मात्र यात सरकार मोकळं सुटत नाही. टँकरवर खर्च होणारा पैसा टाक्यांसाठी द्या, ही आमची मागणी आहे. टँकर एका उन्हाळ्यापुरता, टाकी कायमची. गावोगावच्या ग्रामसभेत हा ठराव झालाच पाहिजे.