दुर्मिळतेचा भाव आणि चित्रकाराचे ऋण

एखादी वस्तू दुर्मिळ झाली म्हणजे तिचा भाव चढतो. भाव चढला म्हणजे उत्पादन वाढते आणि कालांतराने टंचाई ओसरते. गहू-ज्वारीला लागू पडणारा हा न्याय हस्तिदंताला मात्र लागू पडत नाही. हत्ती मागणीबरोबर वाढत नसतात. तेथे भाववाढीचा अर्थ एवढाच की, उरलेल्या कळपांमागे आणखी बंदुका लागतात. १९७९ च्या सुमारास आफ्रिकेत अंदाजे १३ लाख हत्ती होते. दहा वर्षांत ते जवळजवळ निम्म्यावर आले. अखेर १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय करावा लागला. बाजाराच्या या निष्ठुर गणिताला आपल्या परीने उत्तर शोधणाऱ्या एका चित्रकाराचे चरित्र म्हणूनच मननीय ठरते.

इंग्लंडमध्ये १९३१ साली जन्मलेल्या डेव्हिड शेफर्ड यांना चित्रकार व्हावयाचेच नव्हते. त्यांना आफ्रिकेच्या अरण्यात वन्यप्राण्यांचे रक्षक व्हावयाचे होते. त्यासाठी हा तरुण केनियात पोहोचला, तेव्हा त्याला नकार मिळाला. मायदेशी परतून लंडनच्या स्लेड कलाशाळेकडे अर्ज केला. तेथेही दार बंद झाले. पुढे रॉबिन गुडविन या चित्रकाराने त्यांना तीन वर्षे शिकविले. त्यांचे नाव प्रथम झाले ते विमानांच्या चित्रांमुळे. १९६० मध्ये ब्रिटिश वायुदलाच्या निमंत्रणावरून ते पुन्हा आफ्रिकेत गेले. तेथील वैमानिकांना विमानांच्या चित्रांचे अप्रूप नव्हते. त्यांना प्राण्यांची चित्रे हवी होती. शेफर्ड यांनी गेंडा रंगविला आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले.

पण खरे वळण त्याच प्रवासात अन्यत्र लागले. आजच्या टांझानियाच्या भूमीवर, शिकारचोरांनी विष कालविलेल्या एका पाणवठ्याभोवती त्यांना २५५ झेब्रे मरून पडलेले दिसले. ज्या प्राण्यांच्या चित्रांवर आपली उपजीविका चालावयाची, त्यांचे आपण काही देणे लागतो, ही जाणीव येथे जागी झाली आणि ती २०१७ मधील मृत्यूपर्यंत मावळली नाही.

हे देणे त्यांनी ज्या रीतीने फेडले, तीत अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष गोडी वाटावी. कातडे विकावयाचे तर वाघ एकदाच मरतो आणि एकदाच विकला जातो. चित्राच्या प्रती मात्र कितीही निघाल्या, तरी अरण्यातला वाघ अबाधित राहतो. १९७३ मधील त्यांच्या ‘टायगर फायर’ या चित्राच्या छापील प्रतींतून सुमारे १ लाख २७ हजार पौंड उभे राहिले आणि ते भारतातील वाघ वाचविण्याच्या कार्याला मिळाले. त्याच वर्षी आपल्याकडे व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. आरंभीच्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाटही होते. १९८४ मध्ये शेफर्ड यांनी याच कार्यासाठी स्वतःच्या नावाची संस्था स्थापिली.

त्यांची चित्रे घरोघरी भिंतींवर लागली, यास्तव काही समीक्षकांनी नाके मुरडली. सामान्य माणसाला परवडणारी कला ती हलकी, हा समज आपल्याकडेही आहेच. परंतु ज्याने हत्ती कधी पाहिला नाही, त्याच्या दिवाणखान्यात हत्तीविषयी ममत्व निर्माण करणे हे कलेचे हीन कार्य खचित नव्हे.

तथापि, एका चित्रकाराच्या कुंचल्याने अरण्ये वाचतात असे मानणे भाबडेपणाचे होईल. भारतातील वाघांची संख्या १९७२ च्या गणनेत १,८२७ होती. प्रकल्प असूनही २००६ च्या अंदाजात ती १,४११ एवढीच आढळली. दोन्ही वेळच्या गणनेच्या पद्धती भिन्न होत्या हे खरे. परंतु राजस्थानातील सरिस्कात तर एकही वाघ उरला नव्हता. त्यानंतर दक्षता वाढली आणि २०२२ च्या अंदाजात हा आकडा ३,६८२ वर गेला. तात्पर्य, देणगीने आरंभ होतो. कार्य टिकते ते शासनाच्या सातत्याने. शिवाय या यशाची किंमत सर्वांनी सारखी मोजलेली नाही. मेळघाटातील कोरकू कुटुंबांना वाघासाठी गाव सोडावे लागले. शहरातील व्याघ्रप्रेमी माणसाला केवळ चित्र विकत घ्यावे लागते. हा विषम हिशेब जोवर मिटत नाही, तोवर वन्यजीवरक्षणाला नैतिक पूर्णत्व येणार नाही.

शेफर्ड यांच्या आयुष्याचा बोध याच ठिकाणी उपयोगी पडतो. त्यांनी निसर्गावर केवळ प्रेम केले नाही. त्याचे आपल्यावर कर्ज आहे असे मानून ते हप्त्याहप्त्याने फेडले. जंगलातून उगम पावणाऱ्या नद्यांचे पाणी पिणारे, त्यांवरील धरणांची वीज वापरणारे आपण सारेच असे ऋणको आहोत. या कर्जाचा हप्ता आजवर बहुतांशी जंगलाच्या काठावरचा माणूसच भरीत आला आहे. तो वाटून घेण्याची वेळ आता इतरांची आहे.