चार मिनिटांचा हिशेब

पिट्सबर्गला राहायला आल्यापासून माझ्या सॅकमध्ये छत्री, चार्जर आणि नार्कॅनचा स्प्रे कायम असतो. एका मराठी गेट-टुगेदरला तो स्प्रे चुकून बाहेर पडला. एक काका म्हणाले, "गर्दुल्ल्यांना कशाला वाचवायचं? त्यांनी घेतलं, त्यांनी निस्तरावं." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज वाटते म्हणून हे लिहितोय.

फेंटॅनिलसारख्या ओपिऑइडचा ओव्हरडोस झाला की श्वास मंदावतो, मग थांबतो. त्यानंतर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. नार्कॅनमधलं नॅलोक्झोन वेळेत नाकात मारलं, तर बहुतेकदा दोन-तीन मिनिटांत श्वास परत येतो. म्हणजे प्रश्न त्या माणसाच्या चारित्र्याचा नाही. त्या चार मिनिटांत त्याच्यापर्यंत कोण पोहोचतं, याचा आहे.

आणि तिथेच रंग आडवा येतो. सीडीसीने २५ राज्यं आणि राजधानीतले आकडे तपासले. २०१९ ते २०२० या एका वर्षात ओव्हरडोसने मरणाऱ्यांचा दर गोऱ्यांमध्ये २२ टक्क्यांनी वाढला, तर कृष्णवर्णीयांमध्ये ४४ टक्क्यांनी. दुप्पट!

"मग ९११ला फोन करायचा ना!" असं म्हणणं सोपं आहे. पण फोन केला की अनेकदा ॲम्ब्युलन्सबरोबर पोलीसही येतात. १९८६च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला आणि ५०० ग्रॅम कोकेन पावडरला सारखीच, किमान पाच वर्षांची शिक्षा ठरवली होती. क्रॅकसाठी तुरुंगात गेलेले बहुतेक जण काळे होते. २०१०मध्ये हे १०० पट अंतर १८ पटींवर आणलं, मिटवलं नाही. ज्या घरांनी हे भोगलंय, तिथे फोनकडे जाणारा हात थबकणारच. मदतीला बोलावणाऱ्याला संरक्षण देणारे कायदे बहुतेक राज्यांत आहेत, पण जुनं वॉरंट किंवा पॅरोल असेल तर अनेक ठिकाणी ते कामी येत नाहीत.

उपाय याच शहराने एकदा शोधला होता. १९६७मध्ये हिल डिस्ट्रिक्ट या काळ्या वस्तीत फ्रीडम हाऊस ॲम्ब्युलन्स सुरू झाली. तोवर इथे पेशंटला पोलिसांच्या गाडीत टाकून नेत. वस्तीतल्याच बेरोजगार तरुणांना डॉ. पीटर साफार यांनी शिकवलं आणि ते देशातल्या पहिल्या प्रशिक्षित पॅरामेडिकांपैकी ठरले. १९७५मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली, फ्रीडम हाऊस बंद पडलं आणि त्यातले बरेच जण बाजूला सारले गेले.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. वस्तीतल्या लोकांनाच शिकवा आणि त्यांना पगार द्या. सलूनमध्ये, चर्चमध्ये नॅलोक्झोन फुकट ठेवा. ओव्हरडोसच्या कॉलला आधी वैद्यकीय मदत पाठवा, बेड्या नकोत. कुठल्या वस्तीत ॲम्ब्युलन्स किती मिनिटांत पोहोचली, ते जाहीर करा.

आणि काका, पत्ता ऐकल्यावर रिक्षावाला "तिकडे नाही येणार" म्हणतो, अशा वस्त्या आपल्याही गावात आहेत. तिथे कोण राहतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. २०२३पासून नार्कॅन इथे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतं. पुढच्या वेळी हसण्याआधी ते वापरायला शिकून या. मी शिकवतो, पाच मिनिटंही लागत नाहीत.