‘फायटर’ नको, रक्त हवंय

वर्गात थॅलेसेमिया मेजर असलेली मैत्रीण असेल, तर तिला ‘फायटर’ म्हणणं आधी बंद करा. तिला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. बाकी सबमिशन, क्रश, प्लेसमेंटचं टेन्शन तुमच्यासारखंच. आजार बरा व्हायची वाट न पाहता ती जगतेय, यातच सगळा अर्थ आला. २०१६च्या कायद्याने थॅलेसेमियाला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं, तरी हजेरीपटावर त्या दिवशी बहुतेकदा ‘गैरहजर’च लागतं. तेव्हा नोट्स द्या. आणि रक्तदान कॉलेजच्या कॅम्पपुरतं ठेवू नका. मे महिन्यात रक्तपेढ्यांत तुटवडा असतो. तिची तारीख सुट्टी घेत नाही. मुलांना तीन, मुलींना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. मग, पुढची तारीख कधीची?