दुधाचा नळ तुंबत नाही

दुभत्या जनावरांचा कासदाह हा या देशात गंभीर संशोधनाचा विषय आहे, आणि तो असायलाच हवा. कर्नाल आणि इज्जतनगर येथील राष्ट्रीय संस्थांत त्यावर वर्षानुवर्षे काम चालते. गोठ्यातच थोड्याशा दुधावरून दाह ओळखणारी कॅलिफोर्निया चाचणी पशुपालकांच्याही परिचयाची आहे. तोच दाह ओल्या बाळंतिणीला झाला, की विज्ञान उंबरठ्याबाहेर थांबते. तिच्या वाट्याला येतात कडकडीत शेक, जोरकस मालीश, ‘अंगावर पाजू नकोस’ हा सल्ला आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली प्रतिजैविकांची अर्धी पट्टी.

या साऱ्यामागे एक चुकीचे चित्र आहे. स्तन म्हणजे नळ. त्यात दूध साकळून बोळा बसला. तो पिळून काढला की झाले! प्रत्यक्षात दुग्धवाहिन्यांचे फांद्याफांद्यांचे, एकमेकांत गुंतलेले बारीक जाळे असते. दूध गरजेहून जास्त तयार होऊ लागले, की भोवतालच्या ऊती सुजतात आणि या मऊ वाहिन्यांना बाहेरून आवळतात. प्वाझॉयच्या नियमानुसार नळीतील प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. जिवंत वाहिनी ही काचेची नळी नव्हे, हे मान्य. पण परिणामाची दिशा तीच. दूध अडायला थोडी सूज पुरते, बोळा लागतच नाही. अशा जागी अंगठ्याने रगडणे म्हणजे मुरगळलेल्या घोट्यावर लाटणे फिरवणे. सूज वाढते, दूध आणखी अडते, आणि ‘अजून मोकळे झाले नाही’ म्हणून पुन्हा रगडले जाते.

अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये आपली उपचारपद्धती याच दिशेने बदलली. बाळाला भुकेप्रमाणे पाजत राहावे, स्तन ‘पूर्ण रिकामा’ करण्यासाठी जादा दूध काढू नये, खोल मालीश टाळावी, थंड शेक द्यावा, आयबुप्रोफेनसारखे दाहशामक घ्यावे. दाह झालेल्या स्तनाचे दूध बाळाला बाधत नाही. उलट पाजणे एकाएकी थांबवले, तर दाह वाढतो. ताप आला म्हणजे जंतुसंसर्ग झालाच, असेही नाही. निव्वळ दाहानेही अंग तापते. एका दिवसात उतार पडला नाही किंवा लाली पसरत गेली, तर मात्र डॉक्टर गाठावा आणि प्रतिजैविक पूर्ण मुदतीचे घ्यावे. गळू झाले, तर त्याचा निचरा करावाच लागतो.

खेड्यातील बाईला डॉक्टर वेळेवर भेटेलच असे नाही, मग गोळी आधी दिली तर काय बिघडले, असा युक्तिवाद केला जातो. त्यातली काळजी खरी आहे, उपाय खोटा आहे. या दाहाचा नेहमीचा जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस. त्याचे औषधाला न जुमानणारे प्रकार भारतीय रुग्णालयांना नवे नाहीत. अर्धवट गोळ्यांनी तेच पोसले जातात.

नव्या शिफारशींनाही मोठ्या चाचण्यांचा आधार नाही, हे लपवण्याचे कारण नाही. प्रतिजैविकांबाबत २०१३ च्या कॉक्रेन आढाव्याला निकषांत बसणाऱ्या अवघ्या दोन चाचण्या सापडल्या. स्त्रिया होत्या १२५. जगभरातून! पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात ८८.६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होतात, आणि पहिले सहा महिने निव्वळ आईच्या दुधावर असणाऱ्या बाळांचे प्रमाण ६३.७ टक्के आहे. प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत आशा कार्यकर्तीने सहा वेळा घरी जावे, अशी योजना आहे. चाचणीसाठी स्त्रिया आहेत, त्यांच्या दारापर्यंत जाणारी व्यवस्थाही आहे. थंड शेक की गरम, लगेच प्रतिजैविक की एक दिवस थांबून, एवढे दोन प्रश्न सोडवायला महागडी यंत्रे लागत नाहीत. संशोधनाला निधी देणाऱ्या संस्थांनी ते अजून कशासाठी अडवून ठेवावेत?