अंगण वाकडं नाहीये!

मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी हसलेच. मी कॉन्व्हेंटची. ‘अठ्ठावन्न’ म्हटलं की मनातल्या मनात फिफ्टी-एट करून बघणारी! पण टीईच्या मिनी प्रोजेक्टमध्ये जे झालं ते मी इंग्रजी रिपोर्टमध्ये लिहिलं नाही. निदान इथे तरी लिहावं म्हणते. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

विषय मेकॅनिकलवाल्यांच्या ओळखीचा आहे. कॅडमध्ये पार्ट छान दिसतो आणि ॲनालिसिसच्या सॉफ्टवेअरमध्ये नेला की रुसतो. कधी एखादा सरफेस गायब, कधी आख्खा पार्ट आतून पोकळ, कधी ‘मेशिंग फेल्ड’ची लाल ओळ. मग आपण सगळे एकच वाक्य म्हणतो, "सॉफ्टवेअर बंडल आहे यार!" अशा वेळी माझी आजी म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं. मी आजीच्या बाजूने आहे. का, ते सांगते.

आमचा विषय होता कॉलेजच्या क्लबच्या गाडीचं ब्रेक पेडल. मॉडेल एका मित्राने होस्टेलवर केलं. ॲनालिसिस माझ्याकडे, लॅबमधल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी फाइल उघडायला बसले तर उघडेचना! कारण काय, तर मी हौसेने फोल्डरचं नाव मराठीत ठेवलं होतं आणि त्या सॉफ्टवेअरला देवनागरी वाचता येत नव्हती. (कॉन्व्हेंटचंच असणार.) नाव बदललं, फाइल उघडली. इम्पोर्ट करताना मिलिमीटरऐवजी मीटर निवडलं गेलं आणि आमचं सहाशे ग्रॅमचं पेडल सहा लाख टनांचं झालं.

याला हसू नका. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ हरवलं ते एककांच्या गोंधळामुळेच. एका टीमचं सॉफ्टवेअर आकडे पाउंड-सेकंदात देत होतं आणि दुसरी ते न्यूटन-सेकंद समजत होती.

मग कळलं की पेडल सॉलिड नाहीच, नुसत्या सरफेसेसचा ढीग आहे. मित्राने फाइल आयजीईएसमध्ये पाठवली होती, कारण ‘ते सगळीकडे चालतं’. हा फॉरमॅट १९८० सालचा. त्यात बहुतेक वेळा सुटे सरफेसच येतात आणि ते जुळवून बंद करायचं काम पुढच्या सॉफ्टवेअरवर पडतं. आता एका सॉफ्टवेअरला एक मायक्रॉनची फट म्हणजे जोडलेलंच वाटतं आणि दुसरं त्याच्या शंभरपट बारीक बघतं. म्हणजे इकडे जे बंद, ते तिकडे उघडं! १९९४ मध्ये आलेल्या ‘स्टेप’मध्ये कुठला सरफेस कुठल्या एजला जोडलाय ही माहिती सॉलिडसकट जाते. दोन्ही सॉफ्टवेअरचं कर्नल एकच असेल तर त्या कर्नलच्याच फॉरमॅटमध्ये पाठवणं सगळ्यात बरं, कारण मग भाषांतरच लागत नाही. भाषांतरात काय काय सांडतं हे माझ्यासारखीला वेगळं सांगायला नको!

स्टेपमध्ये फाइल मागवली, सॉलिड आलं. तरी मेश होईना. रात्री एक वाजता झूम करत करत सापडली ०.०२ मिलिमीटर रुंदीची एक पट्टी. पेडलच्या बुडाशी ३.०२ मि.मी.ची पायरी होती आणि तिच्या कोपऱ्यात ३ मि.मी.चा फिलेट. उरलेल्या ०.०२ चा झाला एक वेगळा फेस. माझा मेश ३ मि.मी.चा. सॉफ्टवेअर बिचारं त्या केसाएवढ्या पट्टीवर एलिमेंट बसवायला धडपडत होतं. आणि पायरी ३.०२ का? तर मित्राने स्केचमध्ये माप न देता माउसने ओढली होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्याला फोन करायला हवा होता. दोन मिनिटांचं काम. पण सकाळी सबमिशन... मी सगळे फिलेट उडवून टाकले. मेश झटक्यात झाला. कमाल स्ट्रेस १४२ मेगापास्कल, मटेरियलचं यील्ड २५०, फॅक्टर ऑफ सेफ्टी १.७६. लाल-पिवळा-निळा सुंदर प्लॉट! ओरलला सर तो बघून "व्हेरी गुड" म्हणाले. फिलेट कुठे गेला, हे कोणीही विचारलं नाही.

सुट्टीत सहज म्हणून मेश बारीक केला. १.५ मि.मी.ला स्ट्रेस १९०. ०.७५ ला २५५, म्हणजे यील्डच्याही वर! तेव्हा पोटात गोळा आला. आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यात थिअरीप्रमाणे स्ट्रेस अनंत असतो. मेश जेवढा बारीक कराल तेवढा आकडा वाढत जाणार. म्हणजे माझे १४२ हे उत्तर नव्हतंच, तो माझ्या मेशच्या साइजचा आकडा होता. बाहेरचे शोभेचे फिलेट काढले तर चालतं. मी मात्र जिथे लोड येतो तिथलाच आतला फिलेट काढला होता.

मित्राने पायरी ४ मि.मी. केली, फिलेट परत आला, मेश लगेच झाला. आता स्ट्रेस १६८ आणि मेश बारीक केला तरी तिथेच. फॅक्टर १.४९. म्हणजे पेडल पासच होतं! पण ते आमच्या नशिबाने, माझ्या ॲनालिसिसने नव्हे. कारण तोवर क्लबात माझ्या १.७६ च्या भरवशावर पेडलची जाडी ८ वरून ६ मि.मी. करायचं चाललं होतं. माझ्या हिशोबाने तेव्हा १.३ उरले असते, खरे उरले असते १.१. आणि त्या गाडीत बसणार होती माझीच रूममेट. मी जाऊन सगळं सांगितलं. तोंड लहान झालं, पण जाडी ८ च राहिली.

कोणी म्हणेल, हल्ली सॉफ्टवेअर फटी आपोआप शिवतं, एवढं डोकं कशाला लावायचं? शिवतं, मान्य. टॉलरन्स वाढवला की फट मिटते, पण तिच्याबरोबर एखादी खरी बारीक कडही गिळली जाते. कुठली फट चुकीची आणि कुठली मुद्दाम ठेवलेली, हे त्याला कोण सांगणार? आणि हे फक्त पोरासोरांचं होतं असंही नाही. २००६ साली एअरबस ए-३८० चं काम लांबलं त्यात हॅम्बुर्ग आणि तुलूजमध्ये कॅटियाच्या वेगवेगळ्या व्हर्जन्स वापरल्याचा मोठा वाटा होता. विमानात बसवताना वायर्स आखूड पडल्या!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये रंगीत प्लॉटच्या आधी एक साधं पान सक्तीचं करा. एकक कुठलं, बॉडी किती, सॉलिड की सरफेस, कॅडमधलं वजन आणि इम्पोर्टनंतरचं वजन जुळतं का, सुट्या एज किती, आणि मुख्य म्हणजे आपण काय काय काढलं आणि का. मार्क त्या पानाला द्या. आणि मॉडेल करणारा व ॲनालिसिस करणारी एकदा तरी एका बाकावर बसू द्या.

माझ्या रिपोर्टमध्ये ते पान नव्हतं. तेव्हा ते इथे लिहिलं. सर, मार्क कापायचे तर कापा. अंगण सरळच होतं!