काट्यावरचा आंकडा व वहींतला आंकडा

गेल्या द्राक्षहंगामांत आमच्या घरीं जो प्रसंग घडला, त्यावरूनच या महिन्याचा विषय सुचला. दिंडोरी तालुक्यांतील आमचें कुटुंब एकत्र आहे. बाग पुतण्या पाहतो, जमाखर्च सूनबाईंकडे. निर्यातीचा माल पॅकहाऊसमध्यें गेला, पेट्या भरल्या, आणि पुढें तीन आठवडे पैशाचा पत्ता नाहीं! चौकशीअंतीं कळलें कीं, काट्यानें वजन बरोबर दाखविलें होतें; एका कारकुनानें तें कागदावर उतरून घेतलें, दुसऱ्यानें कागदावरून कचेरींतील संगणकांत भरलें, आणि या खटाटोपांत आमच्या प्लॉटच्या क्रमांकांतील दोन अंकांची अदलाबदल झाली. द्राक्षें आमचीं, नांव भलत्याचें.

हा प्रश्न केवळ पैशाचा असता तर मीं लेखणी उचलली नसती. युरोपास जाणाऱ्या द्राक्षांच्या प्रत्येक प्लॉटची नोंद २००६ सालापासून ‘ग्रेपनेट’ या व्यवस्थेंत होत आली आहे, व प्रयोगशाळेंत औषधांचा अंश मर्यादेंत ठरल्यावरच माल पुढें जातो. २०१० सालीं क्लोरमेक्वॅट या संजीवकाच्या अंशापायीं आपल्या द्राक्षांस तेथें अटकाव झाला, हें बागाइतदार विसरलेले नाहींत. तेव्हां क्रमांक चुकला म्हणजे परक्याचा दोष निर्दोष बागेच्या माथीं बसूं शकतो.

‘मग काटाच सरळ कचेरीच्या संगणकास कां जोडीत नाहींत?’ असें मीं आमच्या नातवास विचारिलें. तो सातपूरच्या एका कारखान्यांत यंत्रनियंत्रणाचें काम करतो. तो म्हणाला, “आजोबा, तार जोडणें सोपें आहे. पण काटा एकाचा, प्रतवारीचें यंत्र दुसऱ्याचें, हिशेबाची प्रणाली तिसऱ्याची. एक ग्रॅममध्यें बोलतो, दुसरा किलोमध्यें. एक क्रेटसकट तोलतो, दुसरा क्रेट वजा करून. आंकडा पोंचतो, अर्थ पोंचत नाहीं.”

या अर्थासाठींच अमेरिकेंत २००० सालीं ‘आयएसए-९५’ या मानकाचा पहिला भाग निघाला, आणि २००३ पासून आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगानें तें ६२२६४ या क्रमांकानें स्वीकारिलें. त्यांत कारखान्याच्या कामाच्या शून्य ते चार अशा पायऱ्या कल्पिल्या आहेत. शून्यावर प्रत्यक्ष क्रिया, म्हणजे पट्ट्यावरून सरकणारे घड. पहिलीवर मोजणारीं व हलविणारीं साधनें, जसा काटा. दुसरीवर त्यांवर हुकमत चालविणारा नियंत्रक. तिसरीवर दिवसाच्या कामाची आंखणी व नोंद. चौथीवर खरेदी, विक्री, जमाखर्च. खरा घोळ होतो तो तिसरी व चौथी यांमधील उंबरठ्यावर, आणि मानकाचा मुख्य रोख तेथेंच आहे. माल कसा करावा, किती करण्याची ताकद आहे, काय करावयाचें, आणि प्रत्यक्ष काय झालें, ही चार प्रकारची माहिती या उंबरठ्यावरून कोणत्या रूपानें जावी, हें त्यानें बांधून दिलें. ‘लॉट’ म्हणजे काय, हेंही त्यांत निश्चित केलें आहे. आमचें घोडें नेमकें तेथेंच अडलें होतें! प्रत्यक्ष देवघेवीची वाट आंखणारें ‘ओपीसी यूए’ हें मानक २००८ सालचें. तें पुढें ६२५४१ या क्रमांकानें आयोगाकडे आलें.

मला कौतुक वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. या मानकाच्या पहिल्या भागाचा विषयच मुळीं प्रतिमानें व परिभाषा हा आहे. पाणिनीनेंही अष्टाध्यायीच्या आरंभींच ‘वृद्धि’ ही संज्ञा बांधून घेतली, मग पुढील व्यवहार. ज्याच्या संज्ञा ढिल्या, त्याचें शास्त्रही ढिलें, हें विलायतेच्या यांत्रिकांसही अखेर पटलें म्हणावयाचें.

तथापि भाबडेपणा नको. काटाच खोटा असेल, तर मानक त्याचें खोटें अधिक चपळाईनें पोंचवील, इतकेंच. शिवाय लहान पॅकहाऊसला हा खर्च पेलणें सोपें नाहीं. तेथें कारकून स्वस्त पडतो, आणि त्याच्या चुकीचा भुर्दंड बागवाल्यावर पडतो. ही वजाबाकी मात्र कोणाच्याच वहींत दिसत नाहीं.

आमचे पैसे पुढें आले. सूनबाई आतां प्रत्येक पेटीवरची चिठ्ठी आपल्या वहींत उतरून ठेवतात. म्हणजे आणखी एक उतारा वाढला!